हातानं आवळलेलं चाक

उमा हसली. वामन वकिलाच्या डोक्यात साऱ्या दसऱ्यातलं एवढंच उरलं होतं, आणि एकादशीच्या सकाळी तोंड धुताना, गंध उगाळताना, उपासाची रताळी समोर आल्यावर, तेच त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. बाकी जे झालं ते साऱ्या जालन्यानं पाहिलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी सीमोल्लंघनाला निघालेल्या गर्दीतून तो स्वतः आपली मोटार हाकत होता. मागच्या बैठकीवर उमा जरीकाठी लुगडं नेसून बसली होती. सदर बाजार मागं टाकून गाडी कुंडलिकेच्या उताराला लागली आणि तिचं पुढचं डावं चाक निघालं. निघालं ते तिथंच पडलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण पूजेची झेंडूची माळ मिरवत ते एकटंच पुढं पळत सुटलं. लोकांनी दोन्ही अंगांना सरून त्याला वाट दिली. कुणीतरी हात जोडले. एक म्हातारा ओरडला, "आरं, हे तं मालकाला सोडून एकलंच निघालं शीव वलांडाया!" आणि सगळा रस्ता हसला. मोटार नाक घाशीत तिरकी होऊन थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. खरचटलं असतं तर बरं झालं असतं असं वामनला वाटत होतं, कारण मग लोक धावत आले असते, 'वकीलसाहेब, लागलं का?' म्हणाले असते, आणि सगळ्या प्रकाराला थोडी इभ्रत आली असती. तहसीलदार टांग्यात बसल्या बसल्या रुमाल तोंडाशी धरून पलीकडं बघत राहिले. तेही गिळता आलं असतं. पण उमा मागून हसली, अगदी खळखळून, डोळ्यांना पदर लावावा लागेपर्यंत. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिला असं हसता येतं हे त्याला माहीत नव्हतं.

याचा बदला घ्यायला माणूस तयारच होता, आणि तो गुन्हेगारही होता, हे वामनचं नशीब. जालन्यात मोटार दुरुस्त करणारा एकच, धुळाजी. जातीचा धनगर, अंबडकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला. कधीतरी कापसाच्या जिनिंगच्या इंजिनाला तेल घालायला म्हणून आला आणि लोखंडाच्या नादी लागून इथंच राहिला. जिनिंगच्या भिंतीला लागून तिथल्या मालक शेठनी त्याला पत्र्याची शेड दिली होती, आणि गावातल्या पाचसात मोटारी, दोन लॉऱ्या, सगळं काही त्या शेडमध्ये जाऊन यायचं. हात चांगला, पण कामाचा भोंगळ. आठ दिवसांत देतो म्हणायचा आणि महिना लावायचा. गाडी घरी आली की पुढं आठवडाभर तिच्यात काही ना काही सापडायचं. एकदा बैठकीखाली पेचकस राहिला होता, तो उमाला टोचला. एकदा हुडाचे पट्टे उलटे बांधलेले निघाले. एकदा भोंगा दाबला की मागचा दिवा विझायचा. विचारलं तर धुळाजी टोपी मागं सारून म्हणायचा, "राह्यलं जी. दुसरीकडं ध्यान गेल्तं." त्याचं ध्यान नेहमी दुसरीकडं असायचं, आणि ते कुठं असतं हे विचारायची वामनला कधी गरज वाटली नव्हती. आपली मोटार वामननं छावणीतल्या एका निवृत्त अंमलदाराकडून घेतली होती. मुन्सफ कोर्टातल्या बाकीच्या वकिलांकडं सायकलीच होत्या, एकाकडं तर नुसतीच छत्री होती. म्हणून मोटारीत काहीही बिघडलं की वामनला ते आपल्याच अंगात बिघडल्यासारखं वाटायचं. यंदा दसऱ्याआधी चारी चाकांची बेरिंगं धुवून ग्रीस भरायला त्यानं गाडी दिली होती, आणि नवमीला ती परत मिळायची होती.

ती नवमीची दुपार तेवढी त्याला नको होती. एकादशीच्या सकाळपासून तो तिच्या आजूबाजूनं फिरत होता, आत पाऊल टाकत नव्हता. पण कोर्टाला सुट्टी, घर शांत, पोटात रताळी, अशा वेळी मनाला आवर घालणं कठीण जातं. नवमीला दुपारी चारच्या सुमाराला तो शेडवर गेला होता. शेड झाडून, शेणसडा घालून लख्ख केलेली. पोत्यावर पाने, हातोड्या, कानशी, जॅक, सगळं धुऊन ओळीनं मांडलेलं, हळदीकुंकवाची बोटं उठवलेली, पुढं फोडलेला नारळ. धुळाजीची बायको बायनाबाई उकिडवी बसून एकेका पान्यावर फूल ठेवत होती. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही गोष्ट वामनला कुणी समजावून सांगायला नको होती. त्याच्याच घरी कायद्याची पुस्तकं आणि दौत-टाक पाटावर मांडलेले होते आणि सकाळपासून त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"तीन चाकं बराबर झाली जी," धुळाजी म्हणाला होता. "चौथं चढवलंय, पर नट नुसते हातानंच फिरवून ठिवलेत. सकाळीच आवळून व्हायला पायजे होते, पाव्हने आल्ते, बोलत बसलो. तवर हिनं पाने पूजेला मांडले."

"मग आता?"

"मंग उद्या. सोनं लुटून आलो की पयला पाना तुमच्याच चाकाला लावतो. तवर गाडी जाग्यावरून हलवू नका जी."

"उद्या सोनं लुटायला जायलाच मोटार हवी मला. परवा काय तिचं लोणचं घालू?"

धुळाजी कान खाजवत उभा राहिला. त्याला एक पाना उचलायला लावणं वामनला शक्य होतं. एक दरडावणी पुरली असती. पण पूजेतलं हत्यार उचलायला लावलं हे गावभर झालं असतं, आणि वामनला नेमकं तेच नको होतं. आपण सुधारक आहोत की नाही हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं. तेव्हा तो गोड झाला. "हातानं आवळलंयस ना? अरे, तुझा हात म्हणजे पानाच. बस तेवढं. जबाबदारी माझी." हे शेवटचे दोन शब्द तो धंद्यात दहा वेळा उच्चारत असे आणि लगेच विसरत असे. पण धुळाजीचा चेहरा त्या शब्दांनी सैल झाला. त्याच्या हाताची स्तुती कुणी केलेली नसावी. त्यानं खाली बसून पाचही नट पुन्हा एकदा बोटांनी करकचून फिरवले, चाकाला झेंडूची माळ बांधली, आणि हँडल मारून गाडी सुरू करून दिली.

आता हे कुणाला माहीत होतं? धुळाजीला आणि त्याला. बायनाबाई फुलं ठेवत होती, तिचं लक्ष नसेल. वामननं उपरणं खांद्यावर टाकलं आणि जिनिंगकडं निघाला. वाटेत दोघा-तिघांनी नमस्कार केला, आणि प्रत्येकाच्या नमस्कारात त्याला कालचं चाक पळताना दिसलं. त्याला एकदम कचरू आठवला. सरकारी शाळेत उर्दूच्या तासाला मौलवींची दौत वामनच्या कोपरानं सांडली होती, दहा वर्षांचा असेल तो, आणि छड्या शेजारच्या कचरूला बसल्या होत्या. कचरू एक शब्द बोलला नाही. छडी खाताना त्यानं एकदाच वामनकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर वामन रात्री नीट झोपला असता. त्याऐवजी पुढची तीन वर्षं त्यानं कचरूला शक्य तेवढं छळलं. त्याची पाटी फोडली, त्याच्या बापाच्या धंद्यावरून पोरांना चिडवायला लावलं, शेवटी त्यानं शाळा सोडली तेव्हा वामनला बरं वाटलं. ज्याचं आपण वाईट केलं तो माणूस समोर नको असतो, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याला शरम वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, पण शरम वाटली की त्याला कुणाला तरी मारावंसं वाटे.

जिनिंगच्या ओसरीवर शेठ गादीला टेकून बसले होते. हंगाम नुकताच सुरू झालेला, आत यंत्रं घरघरत होती आणि हवेत रुईचे तंतू तरंगत होते. वामन त्यांचा वकील होता, सीमेचे दोन दावे त्यानं त्यांना जिंकून दिले होते. शेठनी त्याच्या तोंडून सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि धुळाजीला बोलावणं पाठवलं. धुळाजी आला. मागोमाग बायनाबाई आली आणि खांबाशी उभी राहिली.

"काय रे धुळाजी," शेठ म्हणाले, "वकीलसाहेबांचा जीव घेणार होतास का? बाई बसल्या होत्या गाडीत. चाक काय असं निघतं?"

धुळाजी खाली बघत होता. वामननं मनात सगळी उलटतपासणी तयार ठेवली होती. धुळाजी म्हणेल, साहेबांनी सांगितलं. मग आपण विचारू, कधी, कुठं, साक्षीदार कोण, आणि तू कारागीर की मी? तीन प्रश्नांत तो माणूस उघडा पडला असता.

पण बोलली ती बायनाबाई. "मालक, येक सांगू का जी? साहेबच म्हन्ले, हातानं आवळलंय तं बस, जबाबदारी माझी. मी तितंच फुलं वाहून राह्यल्ते. ह्यांनी सांगितल्तं, गाडी हलवू नका म्हनून."

शेठनी वामनकडं पाहिलं. मुनीमानं लिहिता लिहिता मान वर केली. वामनला आपल्या कानाच्या पाळ्या तापलेल्या कळल्या. आता एक वाक्य बोलायचं होतं, 'हो, म्हणालो खरा.' त्यानं काही आभाळ कोसळणार नव्हतं. शेठ हसले असते, धुळाजीला चार शब्द सुनावले असते, प्रकरण मिटलं असतं. पण कालचं हसणं आणखी एकदा, या ओसरीवरून, साऱ्या गावभर गेलं असतं, आणि या वेळी चाकाला नाही, त्याला.

"मी असं म्हणेन?" तो म्हणाला. हा प्रश्न होता, खोटं नव्हतं. वकिलाला एवढा फरक कळतो.

"तू गप गं," धुळाजी बायकोला म्हणाला. मग शेठकडं वळून, अगदी साध्या आवाजात, "न्हाई जी. साहेब काईच म्हन्ले न्हाई. चाक म्या बसिवलं, नट म्या ढिले ठिवले. गिऱ्हाईक काय बी म्हनू दे, हात माझा लागल्ता. गलती माझी."

बायनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि तोंडावर पदर ओढला. वामनला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. तीन प्रश्न घशातच राहिले. हा माणूस आपल्याला घाबरून खोटं बोलला असता तर चाललं असतं, मतलबानं बोलला असता तर आणखी चाललं असतं. पण तो खोटं बोललाच नव्हता. त्याच्या हिशेबी चूक खरोखरच त्याची होती. आणि साहेबांवर आलेली पाळी त्यानं वाटेतला काटा बाजूला करावा तशी सहज बाजूला केली होती, हात झटकले होते, विषय संपवला होता. वामननं तोंड उघडलं. रुईचा एक तंतू नेमका घशात गेला आणि त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकत राहिला. मुनीमानं पाणी आणलं. खोकला थांबेतो शेठनी निकाल दिला होता. असल्या बेपर्वा माणसाला जागा द्यायची नाही, आठ दिवसांत शेड रिकामी कर. वामन काय सांगायला तोंड उघडत होता हे पुढं त्याचं त्यालाही कधी आठवलं नाही.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. संध्याकाळी उमा खिचडी वाढताना म्हणाली, "बायनाबाई आली होती."

"काय म्हणाली?"

"काही नाही. पायरीवर बसून रडली, पाणी प्यायली आणि गेली." तिनं पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही म्हणाला होतात ना तसं?"

"कसं?"

"जबाबदारी माझी. मला बातमी ऐकल्याबरोबर कळलं, हे तुमचंच. माझ्या वडिलांनाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. तूप वाढलं आणि आत गेली. तिच्या माहेरचं एक जमिनीचं काम होतं, सात वर्षांपूर्वीचं. त्याची मुदत वामनच्या हातून टळली होती, आणि सासऱ्यांनी मरेपर्यंत तो विषय काढला नव्हता. तिनंही काढला नव्हता. म्हणजे सात वर्षं ती हे आत ठेवून पानं वाढत होती, अंथरुणं घालत होती, आणि दसऱ्याच्या उतारावर ते हसण्यातून बाहेर पडलं होतं. पुढचे सात-आठ दिवस घरात भांड्यांचे आवाज तेवढे होते. कोजागरीला तिनं दूध आटवलं, त्याच्यापुढं पेला ठेवला आणि शेजारणीकडं जागायला निघून गेली. वामनला आता मोटारीचं काही वाटत नव्हतं. ती गोठ्यात तिरकी उभी होती. या बाईनं आपल्याकडं एकदा तरी माणूस म्हणून बघावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मागायचं कसं हे कुठल्याच कायद्यात नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी धुळाजी वामनच्या ओसरीपुढं आला. बाहेर बैलगाडीत त्याचं सामान लादलेलं होतं आणि सामानावर बायनाबाई पाठ करून बसली होती. तो जोत्याखाली उभा राहून म्हणाला, "साहेब, येक काम होतं जी. औरंगाबादंत सरकारी मोटारींचं वर्कशॉप हाय. तितं फिटर घिऊन राह्यलेत. पर वळखीच्या मोठ्या मानसाची चिठ्ठी मागतेत, उर्दूत. म्या दुसऱ्या कुनाला वळखतो? तुमची गाडी चार वर्सं केली. तुमी लिवलं तं बिलकुल घेतील."

त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधण्याचा वामननं प्रयत्न केला. नव्हता. उमा मधल्या दारात येऊन उभी होती. "द्या ना हो लिहून," ती म्हणाली. आठ दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य.

"देतो की," वामन म्हणाला, आणि त्याला खरंच द्यायचं होतं. त्यानं चांगला जाड कागद काढला. त्याचं उर्दू अक्षर तालुक्यात नावाजलेलं. पहिली ओळ त्यानं मनापासून लिहिली, हा रुक्का घेऊन येणारा इसम आपल्या चांगल्या परिचयाचा असून चार वर्षं आपल्या मोटारीचं काम करीत आहे. दुसऱ्या ओळीपाशी टाक थांबला. समोर धुळाजी टोपी हातात घेऊन उभा होता, आणि कचरूनं पाहिलं होतं तसं बघत होता. रागाशिवाय. हा माणूस औरंगाबादेला जाईल, तिथंही असाच भोंगळ आणि असाच चांगला राहील, कुणी विचारलं तर म्हणेल, न्हाई जी, साहेब काईच म्हन्ले न्हाई. जन्मभर म्हणेल. जगात कुठंतरी हा माणूस सुखानं नट आवळत बसलेला आहे आणि त्याच्या मनात आपल्याविषयी काहीच नाही, ही कल्पना वामनला सहन होईना. टाक पुढं सरकला. सदर इसम कामात कमालीचा बेफिकीर आहे. चाकं सैल ठेवून गाडी देण्याची त्याला सवय असून दसऱ्याच्या दिवशी त्यापायी आमच्या घरातल्या बाईमाणसाचा जीव जाता जाता राहिला. विचारलं असता बायकोकरवी गिऱ्हाइकावर आळ घेतो. त्याच्या हाती सरकारी मोटार तर सोडाच, पानासुद्धा देऊ नये, अशी दरखास्त आहे. अक्षर फार सुरेख आलं. ओळी सरळ, एकही खाडाखोड नाही.

"काय लिवलं जी?" धुळाजीनं विचारलं.

"वाचून दाखवा ना," उमा म्हणाली. दोघांनाही उर्दू येत नव्हतं.

वामननं कागद समोर धरला आणि मराठीत वाचू लागला. धुळाजी हा हाडाचा कारागीर आहे. त्याचा हात खऱ्याचा आहे. झालेली चूक तो दुसऱ्यावर ढकलत नाही, उलट दुसऱ्याची चूकही स्वतःच्या माथी घेतो, असा माणूस मी आमच्या धंद्यात एकही पाहिला नाही. वाचता वाचता त्याचा आवाज दाटून आला. ते नाटक नव्हतं. ही वाक्यं त्याच्या तोंडून कधी निघतील असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ती निघाल्यावर त्याला खरोखर हलकं वाटलं. धुळाजीनं बाहीनं डोळे पुसले. उमा नवऱ्याकडं बघत होती, नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं तसं, काहीतरी नवीन दिसल्यासारखं. मग ती लगबगीनं आत गेली आणि धुवट मलमलीचा एक तुकडा घेऊन आली. "कागद चुरगळेल वाटेत," असं म्हणत तिनं चिठ्ठीची घडी त्यात नीट गुंडाळली, दोऱ्यानं बांधली, आणि स्वतः जोतं उतरून धुळाजीच्या हातावर ठेवली. धुळाजीनं ती कपाळाला लावून बंडीच्या आतल्या खिशात घातली.

तो फाटकाशी पोचला तेव्हा वामन उठला. "धुळाजी, थांब."

धुळाजी थांबला, परत दोन पावलं आला. गाडीवरून बायनाबाईनंही मान वळवली. उमा वामनच्या अगदी जवळ उभी होती. तिच्या लुगड्याचा काठ त्याच्या हाताला लागत होता, आणि ती तो मागं घेत नव्हती.

"ती चिठ्ठी," वामन म्हणाला, "वाटेत कुणा कारकुनाला वाचायला देऊ नकोस. लोकांची नजर बरी नसते. मोठ्या साहेबाच्याच हातात दे."

"दुसऱ्या कुनाला कशाला दावू जी," धुळाजी म्हणाला, आणि खिशावर हात दाबून गाडीत चढला.